गिलाव्याखालची वीट : लंडनची घरे झाकली कोणी आणि सोलली कोणी?

१/२४
लंडनच्या जुन्या वस्त्यांत एक दृश्य हमखास दिसते. एकाच रांगेत, एकाच सुमारास बांधलेली दोन घरे. एकाचे दर्शनी अंग गुळगुळीत गिलाव्याने झाकलेले, दुसऱ्याची पिवळसर तपकिरी वीट उघडी. त्या उघड्या विटांजवळ जाऊन पाहावे, तर कित्येकदा त्यांवर छिन्नीचे असंख्य वण आढळतात. म्हणजे हे घर आधी उघडे होते, मग झाकले गेले आणि पुढे कोणीतरी ते पुन्हा सोलले. आजचा थ्रेड या तीन घटनांचा इतिहास सांगणारा आहे.

२/२४
जुने घर विकत घेणाऱ्या ब्रिटिश माणसाच्या मनात पहिला विचार येतो तो हाच : वरचा गिलावा काढावा, आतली ‘खरी’ वीट बाहेर आणावी. या विचारात एक गृहीतक दडलेले आहे. गिलावा खोटा, वीट खरी. हे गृहीतक आज इतके सहज वाटते की त्याचाही एक जन्मकाळ असेल, हे ध्यानातच येत नाही. तो जन्मकाळ शोधणे महत्त्वाचे, कारण गिलावा एकदा उतरवला की तो परत येत नाही. नवा चढवता येतो. जुना कायमचा जातो.

३/२४
आरंभ करू या सप्टेंबर १६६६ पासून. चार दिवसांच्या भीषण आगीत जुन्या लंडनचा मोठा भाग भस्मसात झाला. घरे प्रामुख्याने लाकडी सांगाड्याची होती. त्यानंतरच्या पुनर्बांधणीच्या कायद्याने शहरातील घरांच्या बाहेरच्या भिंती विटेच्या वा दगडाच्या असाव्यात असे बंधन घातले. चांगला दगड दुरून आणावा लागे. पोर्टलंडचा दगड तर समुद्रमार्गे येई. विटेची माती मात्र शहराच्या पायाखालीच होती. लंडन विटेचे शहर झाले ते असे.

४/२४
पुढचे शतक कायद्यांचेच होते. १७०७ च्या कायद्याने छपराखालच्या लाकडी कंगोऱ्यांना मनाई केली. १७०९ च्या कायद्याने खिडक्यांच्या चौकटी भिंतीच्या दर्शनी पातळीपासून आत सरकवायला लावल्या. १७७४ च्या कायद्याने घरांची आकारमान व मूल्य यांनुसार चार प्रतींत वर्गवारी केली. ‘जॉर्जियन’ म्हणून ओळखले जाणारे ते साधे, प्रमाणबद्ध, विटेचे घर केवळ अभिरुचीतून घडलेले नाही. आगीच्या भीतीचाही त्यात मोठा वाटा आहे.

५/२४
आता हे घर आतून पाहू. बांधणारे बहुधा सट्टेबाज विकासक असत : जमीन भाडेपट्ट्याने घ्यायची, घर लवकर उभे करायचे आणि विकून मोकळे व्हायचे. म्हणून विटांतही प्रतवारी चाले. नीट भाजलेल्या, एकसारख्या रंगाच्या विटा दर्शनी भागाला. भट्टीच्या कडेच्या, कच्च्या राहिलेल्या, मऊ विटा भिंतीच्या आतल्या अंगाला. या दुय्यम विटा कोणी कधी पाहील, अशी बांधणाऱ्याची कल्पनाच नव्हती.

६/२४
काटकसर इथेच थांबत नसे. भिंतीचे दोन थर एकमेकांत गुंतावेत म्हणून काही विटा आडव्या, भिंतीच्या आरपार घालाव्या लागतात. दर्शनी वीट महाग, म्हणून गवंडी ती मधोमध तोडून दोन्ही अर्धुके बाहेरच्या बाजूला लावी. रस्त्यावरून पाहणाऱ्याला सांधा अगदी शास्त्रशुद्ध दिसे. प्रत्यक्षात बाहेरचा थर आतल्याला जेमतेम धरून उभा असे. थोडक्यात, उघडी वीटही तेव्हा थोडेफार सोंग करीतच होती. ही गोष्ट पुढे उपयोगी पडेल, लक्षात ठेवा.

७/२४
अठराव्या शतकातील श्रीमंतांचा आदर्श होता इटली आणि प्राचीन रोम. त्या आदर्शात प्रतिष्ठा दगडाला होती. लंडनकराची अडचण अशी की घर विटेचे, आकांक्षा दगडाची. मधला मार्ग म्हणजे विटेवर असा गिलावा चढवायचा की तो घडीव चिऱ्यांसारखा दिसेल. पण जुना चुन्याचा गिलावा इंग्लंडच्या पावसाळी, धुरकट हवेत बाहेरच्या बाजूस नाजूक ठरे. म्हणून टिकाऊ गिलाव्याच्या शोधाची एक चढाओढच सुरू झाली.

८/२४
या शोधात भारतही डोकावतो. १७३२ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’मध्ये मद्रासच्या उत्तम चुन्याची कृती छापली गेली. पाठवणारे होते सेंट हेलेना बेटाचे गव्हर्नर आयझॅक पाइक. गूळ, हिरडा यांसारखी द्रव्ये घालून चुना कसा मळतात, याचे वर्णन त्यात आहे. मद्रासचा घोटीव ‘चुनम’ संगमरवरासारखा चमकतो, हे पाहून ब्रिटिश थक्क होत. आपल्याकडच्या गवंड्याला गूळ आणि हिरडा यांचे नवल वाटले नसते!

९/२४
इंग्लंडमध्ये १७७३ साली जॉन लिआर्डेट या स्विस धर्मोपदेशकाने तेलमिश्रित गिलाव्याचे पेटंट घेतले. प्रख्यात वास्तुकार अ‍ॅडम बंधूंनी त्याचे हक्क मिळवले. नक्कल केल्याच्या आरोपावरून उभा राहिलेला ‘लिआर्डेट विरुद्ध जॉन्सन’ हा १७७८ चा खटला लॉर्ड मॅन्सफिल्ड यांच्यासमोर चालला. पेटंट कायद्याचे विद्यार्थी तो आजही अभ्यासतात. खटला अ‍ॅडम बंधूंनी जिंकला, हवामानाने मात्र त्यांना हरवले. तो गिलावा पुढे दर्शनी भिंतींवरून सुटू लागला.

१०/२४
खरे यश मिळाले १७९६ मध्ये, तेही एका धर्मोपदेशकालाच. जेम्स पार्कर यांनी लंडन परिसरातील चिकणमातीत सापडणारे चुनखडीयुक्त गोटे भाजून, दळून एक पूड तयार केली. पाणी घालताच ती काही मिनिटांत घट्ट होई आणि ओलीतही टिके. व्यापारासाठी नाव दिले ‘रोमन सिमेंट’. रोमनांनी असले काही कधी वापरले नव्हते. रंग होता मातकट तपकिरी. परंतु नावातच रोम असल्यावर आणखी काय हवे!

११/२४
मग आले जॉन नॅश. भावी राजा चौथा जॉर्ज याच्या आश्रयाने त्यांनी रीजेंट स्ट्रीट आणि रीजेंट्स पार्कभोवतीच्या भव्य घरांच्या रांगा आखल्या. १८२६ च्या सुमारास उभारणी सुरू झालेल्या कंबरलँड टेरेसकडे पाहिले तर राजवाडाच वाटतो : स्तंभ, त्रिकोणी शिखरपट्टी, पुतळे. आत मात्र अनेक स्वतंत्र घरे, आणि गिलाव्याखाली साधी वीट. सम्राट ऑगस्टसने विटेचे रोम संगमरवराचे केले. नॅशने विटेचे लंडन गिलाव्याचे केले, अशी थट्टा तेव्हाच्या नियतकालिकांतही झाली.

१२/२४
एक गैरसमज इथेच दूर करू. आज ही घरे दुधासारखी पांढरी दिसतात, म्हणून ती मुळातही तशीच होती असे आपण धरून चालतो. हेतू दगडाचा भास निर्माण करण्याचा होता. ओल्या गिलाव्यावर चिऱ्यांच्या सांध्यांसारख्या रेघा ओढत आणि वर दगडी छटेचा रंग देत. एकसंध पांढरा झगमगाट ही नंतरची देणगी. जे आज ‘अस्सल जुने लंडन’ म्हणून छायाचित्रांत मिरवते, त्याचा रंगही मूळचा नाही.

१३/२४
नक्कल केवळ दगडाचीच होत असे, असेही नाही. इंग्लंडच्या दक्षिणेस लुईस, ब्रायटन या भागांत लाकडी सांगाड्याच्या भिंतींवर खास घडवलेली कौले अशी बसवत की भिंत विटेची वाटावी. ब्रायटनमधील रॉयल क्रेसेंट ही घरांची रांग अशाच काळ्या चकचकीत कौलांनी मढलेली आहे. विटांवर १७८४ ते १८५० पर्यंत कर होता, तो चुकवण्यासाठी ही युक्ती, असे सांगितले जाते. पण १७८४ मध्ये कर कौलांवरही बसला होता! लाकूड विटेचे सोंग घेत होते आणि वीट दगडाचे.

१४/२४
त्याच ब्रायटनमध्ये ‘बंगरूश’ नावाची भिंत असते. चुन्याच्या गाऱ्यात गारगोट्या, विटांचे तुकडे, हाताला लागेल तो डबर ओतायचा. बाहेरून नीटस गिलावा. अशा भिंतीत गिलावा हा दागिना नव्हे, ती तिची कातडीच आहे. ही भिंत सोलली तर आत कोणतीही ‘मूळ सुंदर वीट’ हाती लागत नाही. पाणी शिरते, चुना धुपतो, भिंत खचू लागते. गिलाव्याखाली नेहमी काहीतरी मौल्यवान असतेच, हा समज इथे महाग पडतो.

१५/२४
आता वळण. १८३० नंतर गिलाव्याविरुद्ध नैतिक मोहीम सुरू झाली. ऑगस्टस प्युजिन यांनी १८४१ च्या ग्रंथात बांधकामाचे साहित्य जे आहे तेच दिसावे, असा आग्रह धरला. १८४९ मध्ये जॉन रस्किन यांचे ‘द सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर’ आले. वास्तुकलेतील सत्य हा त्यातील एक ‘दीप’. वास्तूच्या चर्चेत ‘खोटे’, ‘फसवणूक’, ‘प्रामाणिक’ हे शब्द घट्ट रुजले. आपल्या गृहीतकाचा जन्मकाळ हाच.

१६/२४
पण रस्किन नीट वाचला पाहिजे. विटेवर गिलावा देणे आणि त्यावर चित्रे काढणे त्याला मुळीच आक्षेपार्ह वाटत नव्हते. त्याचा आक्षेप होता तो गिलाव्यावर सांधे कोरून तो दगड असल्याचे भासवण्याला. आच्छादन निराळे आणि तोतयेगिरी निराळी. हा सूक्ष्म भेद लोकांच्या स्मरणातून गळून पडला. उरले एवढेच : झाकणे म्हणजे लबाडी, सोलणे म्हणजे सत्य. इतिहासात विचार असेच प्रवास करतात. मूळ वाक्य मागे राहते, घोषणा पुढे जाते.

१७/२४
नव्या पिढीने उघडी वीट अभिमानाने मिरवली. फिलिप वेब यांनी विल्यम मॉरिससाठी १८५९–६० मध्ये बांधलेले ‘रेड हाउस’ हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण : लाल वीट, वर गिलाव्याचा लेप नाही. याच सुमारास मध्ययुगीन चर्चांच्या ‘जीर्णोद्धारा’चा जोर वाढला होता. शतकानुशतकांचे चुन्याचे थर खरवडून, नंतरच्या काळातील भर काढून टाकून, चर्चला त्याचे ‘मूळ’ रूप देण्याचा सपाटा सुरू होता. त्या थरांबरोबर कुठे जुनी भित्तिचित्रे जात, कुठे हत्यारांच्या खुणा.

१८/२४
आणि याला विरोध कोणी करावा? उघड्या विटेच्या घरात राहून गेलेल्या त्याच विल्यम मॉरिसने! मार्च १८७७ मध्ये ट्यूक्सबरीच्या चर्चवरील नियोजित कामाने संतापून त्याने ‘अथेनियम’ला पत्र लिहिले. त्याच महिन्यात प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी एक संस्था स्थापन झाली. तिला टोपणनाव पडले ‘अँटी-स्क्रेप’, म्हणजे खरवडण्याच्या विरोधातली मंडळी. त्यांचा मुद्दा सरळ होता : वास्तूवर साचलेला काळ हाही वास्तूचाच भाग आहे.

१९/२४
मॉरिसच्या रोषाचा धनी होता वास्तुकार जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट. हे नाव मुंबईकरांना परके नसावे. मुंबई विद्यापीठाचे दीक्षान्त सभागृह आणि राजाबाई टॉवर याच स्कॉटच्या आराखड्यावर उभे आहेत. तो स्वतः मुंबईत कधी आला नाही. टॉवर पुरा झाला १८७८ मध्ये, त्याच वर्षी स्कॉट वारला. साहित्य लपवू नये, या व्हिक्टोरियन आग्रहाचे रूप म्हणून त्या उघड्या, कोरीव दगडाकडे पाहता येते. लंडनच्या गिलाव्यावरील वाद असा फोर्टच्या मैदानापर्यंत पोहोचलेला आहे.

२०/२४
विसाव्या शतकाने गुंता वाढवला. १८२४ मध्ये जोसेफ अ‍ॅस्पडिन यांनी पेटंट घेतलेले ‘पोर्टलंड सिमेंट’ पुढे सुधारत सर्वत्र पसरले. जुन्या घरांत ओल दिसली की बाहेरून सिमेंटचा गिलावा थापायचा, कधी त्यावर बारीक खडे मारायचे, हा सर्रास उपाय झाला. गिलावा नीट धरावा म्हणून आधी विटांवर छिन्नीने टोचे मारीत. पहिल्या पोस्टमधील वण आठवतात? बहुधा ते सोलणाऱ्याचे नसतात. झाकणाऱ्याने आधीच करून ठेवलेले असतात.

२१/२४
हा उपाय उलटतो कसा, ते समजून घ्यावे. जुनी भिंत भरीव असते : वीट, मधे चुन्याचा मऊ गारा. पावसात ती थोडे पाणी पिते, उन्हावाऱ्यात ते सोडून देते. सिमेंट ताठ असते. भिंत हलली की त्याला केसासारख्या भेगा पडतात. भेगेतून पाणी आत जाते, पण दाट सिमेंटमधून बाहेर पडू शकत नाही. मग लोणा फुटतो, थंडीत आतले पाणी गोठून वीट फुटते, भिंतीत रुतलेली तुळयांची टोके कुजतात. ओल थांबवायला लावलेला गिलावाच ओल कोंडून ठेवतो.

२२/२४
मग असे सिमेंट काढलेच पाहिजे ना? पुष्कळदा होय. पण सिमेंटची पकड कित्येकदा विटेच्या स्वतःच्या ताकदीहून अधिक असते. गिलावा निघतो तो विटेची वरची, नीट भाजलेली साल घेऊनच. ती साल गेली की मऊ गाभा पावसाला उघडा पडतो. दाबाने वाळू मारून भिंत ‘स्वच्छ’ केली तर हानी अधिकच. म्हणून जाणकार गवंडी आधी कोपऱ्यातला हातभर तुकडा काढून पाहतो, पोकळ वाजणारा भाग तेवढाच उचलतो, आणि गरज पडल्यास भिंतीला पुन्हा चुन्याचाच गिलावा देतो.

२३/२४
इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे एकच प्रश्न आग्रहाने विचारावा : हा गिलावा कोणी, कधी आणि कशासाठी दिला? घर बांधतानाच दिला असेल, तर तोच मूळ चेहरा. शतका-दीडशतकानंतर अभिरुची बदलली म्हणून दिला असेल, तर तो त्या घराच्या चरित्रातील एक प्रकरण. अलीकडे ओलीच्या भीतीने थापलेले सिमेंट असेल, तर तो बहुधा आजार. तिन्हींना एकच हातोडा लावता येत नाही. ब्रिटनमध्ये संरक्षित यादीतील घराचे रूप बदलेल असा गिलावा काढायला आधी संमती लागते, आणि ती न घेणे हा फौजदारी गुन्हा ठरू शकतो.

२४/२४
हे सारे लिहिण्याचे कारण घरातलेच आहे. आमच्या आजोळच्या वाड्याची डागडुजी निघाली, तेव्हा कोणीतरी सुचवले, “चुना खरवडून टाका, विटा उघड्या छान दिसतील.” हल्ली कॅफेंत तसेच असते ना! त्या विटा मातीच्या गाऱ्यात लावलेल्या. पहिल्याच पावसाळ्यात मागची भिंत पोटातून धुपू लागली. आजी एवढेच म्हणाली, “दर दिवाळीआधी आम्ही चुना लावायचो, तो काय हौस म्हणून?” आता समोरची भिंत तेवढी चुन्यासकट उरली आहे. तिच्या चुन्याचे थर मी परवा एका कपच्यात मोजू लागलो आणि सोळानंतर मोजणे सोडून दिले. तुमच्याही ओळखीत जुने घर दुरुस्तीला निघत असेल, तर छिन्नी लागण्याआधी असा एक कपचा जपून ठेवा, भिंतीची छायाचित्रे काढा, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. थ्रेड समाप्त.